घरगुती सुरक्षा कॅमेऱ्यांच्या चित्रणासाठी संगणकाची निवड : मारुंजी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : सुरक्षा कॅमेरा, चित्रण-साठवण, नूतनीकृत संगणक, हार्ड डिस्क, अखंड वीजपुरवठा, इलेक्ट्रॉनिक पुरावा

प्रास्ताविक

मुळशी तालुक्यातील मारुंजी हे गाव हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाला लागून आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हे उद्यान आकाराला येऊ लागले आणि पुढील दोन-अडीच दशकांत मारुंजीचे रूप पालटले. गावठाणातील जुनी घरे, त्यांच्यावर भाडेकरूंसाठी चढविलेले मजले, शेताच्या कडेला उभे राहिलेले बंगले आणि बहुमजली गृहसंकुले अशी संमिश्र वस्ती आज येथे दिसते. पती-पत्नी दोघेही नोकरीला, मुले शाळेत आणि घर दिवसभर कुलूपबंद, ही येथील अनेक कुटुंबांची दिनचर्या आहे. हिंजवडी पोलीस ठाण्याच्या हद्दीतील या परिसरात दारावर, जिन्यात आणि वाहनतळावर सुरक्षा कॅमेरा असणे आता अपवादात्मक राहिलेले नाही.

पुणेकरांच्या दृष्टीने या विषयाला एक गंभीर पार्श्वभूमीही आहे. १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्क येथील जर्मन बेकरीत झालेल्या बाँबस्फोटाच्या तपासात तेथील कॅमेऱ्याच्या चित्रणाची मोठी चर्चा झाली. १ ऑगस्ट २०१२ रोजी जंगली महाराज रस्त्यावर साखळी स्फोट झाले, त्यानंतर शहरभर कॅमेरे बसविण्याच्या मागणीने जोर धरला. सार्वजनिक ठिकाणच्या कॅमेऱ्यांची चर्चा अशी शासनाच्या पातळीवर झाली. घरगुती कॅमेऱ्यांचा निर्णय मात्र बहुतांशी दुकानदाराच्या किंवा तंत्रज्ञाच्या शिफारशीवर सोडून दिला जातो.

कॅमेरा हा या व्यवस्थेचा डोळा होय. पण त्याने पाहिलेले लक्षात ठेवण्याचे काम दुसरेच यंत्र करते. ग्राहक कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल आवर्जून विचारतो आणि चित्रण साठविणाऱ्या संगणकाविषयी फार तर ‘प्रोसेसर कोणता?’ एवढेच विचारतो. हा प्रश्न अयोग्य नाही, तथापि तो दुय्यम आहे. घरगुती कॅमेऱ्यांच्या संगणकाला वेगापेक्षा सातत्याची परीक्षा द्यावी लागते. वर्षाचे ८,७६० तास न थांबता लिहीत राहणे, वीज गेल्यावर सुखरूप थांबणे, वीज आल्यावर कोणी बटण न दाबता सुरू होणे आणि प्रत्येक क्षणाची नोंद योग्य वेळेसह ठेवणे, ही ती परीक्षा. प्रस्तुत लेखात याच कसोटीवर संगणकाच्या निवडीचा विचार केला आहे.

तयार पेटी की संगणक?

बाजारात डीव्हीआर किंवा एनव्हीआर या नावाने चित्रण साठविणाऱ्या तयार पेट्या मिळतात. एकाच कंपनीचे चार कॅमेरे आणि एक छोटे घर एवढीच गरज असेल, तर अशी पेटी पुरेशी आहे. तेथे संगणकाचा आग्रह धरणे म्हणजे खर्च आणि देखभाल विनाकारण वाढविणे होय. तयार पेटी विजेचा वापर कमी करते आणि ती चालविण्यासाठी विशेष ज्ञान लागत नाही.

संगणकाची गरज निर्माण होते ती वेगळ्या परिस्थितीत. घराचा एकेक मजला वाढत जातो, तसे निरनिराळ्या वर्षी निरनिराळ्या कंपन्यांचे कॅमेरे बसविले जातात. २००८ मध्ये अॅक्सिस, बॉश आणि सोनी या कंपन्यांनी पुढाकार घेऊन ‘ऑनव्हिफ’ हे सामाईक मानक आणले. त्यामुळे भिन्न कंपन्यांचे कॅमेरे एकाच आज्ञावलीत जोडणे शक्य झाले. परंतु तयार पेट्या परक्या कॅमेऱ्याच्या सर्व सुविधा स्वीकारतीलच असे नाही. दुसरे कारण खोट्या सूचनांचे. पावसाळ्याच्या रात्री कॅमेऱ्याच्या अवरक्त दिव्याभोवती जमणारे किडे, भिंगावर जाळे विणणारा कोळी, वाऱ्याने हलणारी केळीची पाने आणि गल्लीतील कुत्री यांच्यामुळे साध्या हालचाल-संवेदनाच्या पद्धतीत रात्रभर सूचना येत राहतात. चार दिवसांत घरचे लोक सूचना बंद करून टाकतात आणि व्यवस्थेचा निम्मा उपयोग संपतो. माणूस, वाहन आणि प्राणी यांत भेद करणाऱ्या ‘फ्रिगेट’सारख्या मुक्त आज्ञावली संगणकावर चालविता येतात. ‘झोनमाइंडर’ ही लिनक्सवरील मुक्त आज्ञावली तर २००२ पासून उपलब्ध आहे. विंडोजवर चालणारी ‘ब्लू आयरिस’ ही सशुल्क आज्ञावलीही अनेक जण वापरतात.

प्रोसेसरविषयी

कॅमेरा चित्रण आक्रसूनच पाठवितो. ते जसेच्या तसे डिस्कवर लिहिण्यास प्रोसेसरला फारसे श्रम पडत नाहीत. श्रम पडतात ते चित्रण उलगडून पाहण्याचे, म्हणजे पडद्यावर दाखविण्याचे किंवा त्यातील हालचाल ओळखण्याचे. म्हणूनच बहुतेक कॅमेरे दोन प्रवाह देतात. उच्च दर्जाचा मुख्य प्रवाह साठवणीसाठी आणि कमी दर्जाचा दुय्यम प्रवाह विश्लेषणासाठी वापरावा. केवळ एवढी एक जुळवणी नीट केली तरी सहा-आठ कॅमेऱ्यांचा भार सामान्य कार्यालयीन संगणक सहज पेलतो. ही जुळवणी न करता महागडा प्रोसेसर घेण्याची शिफारस केली जाते, ती ग्राहकाच्या हिताची म्हणता येणार नाही.

उलगडण्याचे काम प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असलेल्या चित्र-विभागाकडे सोपविता येते. इंटेल कंपनीने ही ‘क्विक सिंक’ सुविधा २०११ मध्ये आणली. मात्र आजचे बहुसंख्य कॅमेरे वापरतात ती एच.२६५ पद्धत तिच्या साहाय्याने समाधानकारकपणे उलगडण्यासाठी २०१५ च्या सहाव्या पिढीचा किंवा त्यापुढील प्रोसेसर आवश्यक ठरतो. ज्या इंटेल प्रोसेसरच्या क्रमांकाअखेर इंग्रजी ‘एफ’ हे अक्षर असते, त्यांत चित्र-विभाग नसतो. किंमत थोडी कमी म्हणून असा प्रोसेसर घेतल्यास स्वतंत्र ग्राफिक कार्ड घ्यावे लागते आणि ते चोवीस तास वीज खाते.

माहिती तंत्रज्ञान कंपन्या काही वर्षांनी आपले संगणक बदलतात. असे नूतनीकृत संगणक पुण्याच्या बाजारात सहज मिळतात आणि कॅमेऱ्यांच्या कामासाठी ते उत्तम असतात. येथे पिढीचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. विंडोज १० ला मिळणाऱ्या नियमित सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर अधिकृतपणे मान्य केले आहेत. सहाव्या-सातव्या पिढीचा स्वस्त संगणक मिळाल्यास त्यावर लिनक्स बसवावे. विंडोजच हवे असेल तर आठव्या पिढीखाली उतरू नये. मेमरी ८ जीबी पुरते. वस्तू ओळखणाऱ्या आज्ञावलीसाठी १६ जीबी असल्यास बरे.

साठवणुकीचे गणित

या सर्व व्यवस्थेत जो भाग सर्वप्रथम झिजतो तो हार्ड डिस्क होय. तिचे गणित अवघड नाही, तरीही ते क्वचितच मांडले जाते. प्रतिसेकंद १० लाख बिट, म्हणजे १ एमबीपीएस इतका प्रवाह दिवसभर साठविल्यास १०.८ जीबी जागा लागते. एवढा एक आकडा ध्यानात ठेवला की बाकीचे त्रैराशिक आहे.

उदाहरणादाखल मारुंजीतील एखादे दुमजली घर घ्यावे. फाटक, वाहनतळ, जिना, मागचे अंगण, गच्चीवरील पाण्याची टाकी आणि तळमजल्यावरील भाड्याने दिलेला गाळा असे सहा कॅमेरे आहेत. एच.२६५ पद्धतीने प्रत्येकी २ एमबीपीएस धरल्यास एकूण प्रवाह १२ एमबीपीएस होतो. दिवसाला १२९.६ जीबी, तीस दिवसांना ३,८८८ जीबी. ४ टीबीची डिस्क महिनाभर पुरेल असे वरकरणी वाटते. पण आज्ञावली काही जागा नेहमी मोकळी ठेवते, म्हणून प्रत्यक्षात अठ्ठावीस दिवसांच्या आसपास हिशेब करावा. हेच कॅमेरे जुन्या एच.२६४ पद्धतीने प्रत्येकी ४ एमबीपीएस पाठवीत असतील, तर तीच डिस्क दोन आठवड्यांतच भरते आणि सर्वांत जुने चित्रण पुसून नवे त्यावर लिहिले जाते.

लिहिण्याचा वेग येथे प्रश्नच नाही. १२ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला जेमतेम दीड मेगाबाइट. साधी डिस्कही याच्या कितीतरी पट वेगाने लिहिते. प्रश्न आहे तो सोसण्याचा. वरील घरात वर्षाला सुमारे ४७ टीबी मजकूर लिहिला जाईल. डेस्कटॉपसाठीच्या काही प्रचलित डिस्कांच्या माहितीपत्रकात वर्षाला ५५ टीबी कामाचा भार आणि २,४०० तास वापर गृहीत धरलेला असतो. म्हणजे भाराच्या दृष्टीने ती डिस्क कशीबशी बसते, तासांच्या दृष्टीने मात्र मुळीच बसत नाही. सुरक्षा-चित्रणासाठी बनविलेल्या डिस्कांवर, उदाहरणार्थ डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक, साधारणतः १८० टीबीचा वार्षिक भार आणि अखंड चोवीस तासांचा वापर गृहीत धरलेला असतो. किमतीतील फरक पाहता येथे काटकसर करणे हिताचे नाही.

‘एसएसडी वेगवान असते, तीच का घेऊ नये?’ असा प्रश्न साहजिक आहे. एसएसडीवर आयुष्यभरात किती लिहिता येईल याची मर्यादा उत्पादकच जाहीर करतो. २४० जीबीच्या काही स्वस्त एसएसडींवर ही मर्यादा ८० टीबी आहे. वर्षाला ४७ टीबी या गतीने ती दोन वर्षे पूर्ण होण्याआधीच गाठली जाईल. शिवाय एवढ्या जागेत दोन दिवसांचेही चित्रण मावणार नाही. म्हणून एसएसडीवर संगणक प्रणाली आणि आज्ञावली, तर स्वतंत्र हार्ड डिस्कवर चित्रण, अशी विभागणी करावी. हार्ड डिस्क बिघडली तरी संगणक सुरू राहतो आणि ती बिघडल्याची सूचना देऊ शकतो, हा या विभागणीचा आणखी एक लाभ.

आकार, जागा आणि चोर

हातात मावणारे छोटे संगणक आज लोकप्रिय आहेत. इंटेलचा २०२३ मध्ये आलेला एन१०० हा प्रोसेसर अशा संगणकांत आढळतो. तो विजेचा वापर अत्यल्प करतो आणि चार-सहा कॅमेऱ्यांना पुरतो. परंतु या संगणकांत साडेतीन इंची हार्ड डिस्क बसत नाही. ती यूएसबीच्या बाहेरच्या पेटीत ठेवावी लागते, त्या पेटीला स्वतंत्र अॅडॉप्टर लागतो, आणि झाडलोट करताना तो अॅडॉप्टर सैल झाला तरी संगणकाचा दिवा जळतच राहतो. घरच्यांना वाटते सर्व सुरळीत आहे. चित्रण मात्र आठवडाभरापूर्वीच थांबलेले असते. याउलट ‘स्मॉल फॉर्म फॅक्टर’ म्हणून ओळखला जाणारा मध्यम आकाराचा कार्यालयीन संगणक साडेतीन इंची डिस्क पोटात घेतो, तिला आतूनच वीज पुरवितो आणि जागाही फार अडवीत नाही. मारुंजीतील वरील घरासाठी आठव्या पिढीचा असा नूतनीकृत संगणक ही सर्वांत समतोल निवड ठरते. त्याचा वीजपुरवठा-संच प्रमाणित आकाराचा नसतो, त्यामुळे तो जळाल्यास नेमका तसाच शोधावा लागतो, हा दोष मान्य करावा लागेल.

घरातील जुन्या लॅपटॉपचा पर्यायही सुचविला जातो. त्याला स्वतःची बॅटरी असते, ही जमेची बाजू. पण वर्षभर सतत विजेला जोडून ठेवल्यास बॅटरी फुगण्याचा धोका असतो आणि डिस्कचा प्रश्न तेथेही सुटत नाही. तात्पुरती सोय म्हणून तो चालेल.

आकाराचा विचार केवळ सोयीसाठी नाही. चोरट्यांनी जाताना डीव्हीआरही नेल्याच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत वारंवार येतात. दिवाणखान्यात दूरदर्शन संचाखाली लुकलुकणारी पेटी ही चोरासाठी खूणच असते. संगणक दृष्टीआड, शक्य तर कुलपाच्या कपाटात असावा. परंतु पत्र्याखालचा माळा ही जागा सर्वथा अयोग्य. एप्रिल-मे महिन्यांत तेथील उष्णता डिस्कला सोसत नाही. कपाटाच्या दाराला झरोके पाडावेत आणि त्यांना बारीक जाळी लावावी, अन्यथा पाल आणि मुंग्या उबेला येऊन वस्ती करतात. फाटक आणि जिना या दोन कॅमेऱ्यांच्या महत्त्वाच्या तुकड्यांची प्रत घराबाहेर, म्हणजे एखाद्या ऑनलाइन साठवणीत किंवा नातेवाइकाच्या घरी, आपोआप जाईल अशी योजना संगणकावर करता येते. संपूर्ण चित्रण पाठविण्याची गरज नाही आणि घरगुती जोडणीला ते झेपणारही नाही.

विजेचा खर्च आणि विजेचा लपंडाव

खरेदीची किंमत एकदाच मोजावी लागते, विजेची दरमहा. ग्राफिक कार्ड असलेला जुना मोठा संगणक सरासरी ८० वॅट घेत असेल, तर महिन्याला ५८ युनिट आणि वर्षाला सुमारे ७०० युनिट होतात. मध्यम आकाराचा कार्यालयीन संगणक डिस्कसह ३० वॅटवर चालला, तर वर्षाला २६३ युनिट. फरक सुमारे ४३८ युनिटांचा. प्रतियुनिट १० रुपये धरले तरी वर्षाला ४,३८० रुपये आणि तीन वर्षांत १३,१४० रुपये. महावितरणची घरगुती आकारणी टप्प्यांनी वाढत जाणारी आहे. १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या पुढे दर चढतो. संगणकाचे युनिट घराच्या नेहमीच्या वापरावर चढत असल्याने ते सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यात मोजले जातात. ‘घरात पडूनच आहे’ म्हणून फुकट वाटणारा जुना संगणक असा दोन-तीन वर्षांत नव्याहून महाग पडतो.

भारनियमनाचे दिवस महाराष्ट्राने अनुभवले आहेत. आज परिस्थिती बरी असली, तरी वळवाच्या पहिल्या सरीबरोबर वीज जाणे हे उपनगरांच्या आणि गावांच्या सीमेवरील वस्त्यांना नवे नाही. कॅमेऱ्यांच्या व्यवस्थेत यावर तीन गोष्टी कराव्या लागतात.

पहिली म्हणजे संपूर्ण साखळीला पर्यायी वीज. संगणक यूपीएसवर आणि कॅमेऱ्यांना वीज देणारा स्विच साध्या प्लगवर, ही चूक फार ठिकाणी आढळते. अंधार होताच संगणक सुरू राहतो खरा, पण त्याला पाहण्यासारखे काही उरत नाही. संगणक ३० वॅट, स्विच आणि सहा कॅमेरे मिळून ३५ वॅट, राऊटर १० वॅट असा ७५ वॅटचा भार धरल्यास ६०० व्हीए यूपीएसमधील १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास बॅटरीत कागदोपत्री ८४ वॅट-तास असतात. गळती वजा जाता अर्ध्या तासाहून अधिक अपेक्षा ठेवू नये. घरातील १५० अँपिअर-तासाच्या इन्व्हर्टर बॅटरीत १,८०० वॅट-तास असतात. त्यांपैकी साठ टक्के वापरता आले, तरी एवढाच भार असल्यास चौदा तास निघतात. पंखे-दिवे त्याच बॅटरीवर असल्यास अर्थातच कमी. अनेक इन्व्हर्टरच्या मागील बाजूस ‘यूपीएस’ अशी खूण असलेले बटण असते. ते त्या स्थितीत नसेल तर वीज बदलताना होणारा विलंब संगणकाला सोसत नाही आणि तो बंद पडून पुन्हा सुरू होतो. इन्व्हर्टर आणि छोटा यूपीएस दोन्ही असल्यास ही अडचण दूर होते.

दुसरी गोष्ट सुखरूप बंद होण्याची. लिहिता लिहिता वीज गेल्यास डिस्कवरील नोंदी बिघडू शकतात. यूएसबीने संगणकाशी संपर्क ठेवणारा यूपीएस बॅटरी संपण्याआधी संगणकाला व्यवस्थित बंद करवितो.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वाधिक दुर्लक्षित. वीज परतल्यावर संगणक आपोआप सुरू व्हावा, अशी निवड त्याच्या बायोसमध्ये करावी लागते. कार्यालयीन संगणकांत ही सोय बहुधा असते. काही स्वस्त छोट्या संगणकांत नसते. विकत घेण्यापूर्वी दुकानातच प्लग काढून पुन्हा लावून पाहावा. संगणक सुरू झाल्यावर परवलीचा शब्द विचारून थांबत असेल, तर चित्रणाची आज्ञावली सेवा म्हणून पार्श्वभूमीवर सुरू होईल अशी व्यवस्था करावी. विंडोज मध्यरात्री स्वतःला अद्ययावत करून पुन्हा सुरू होते, तेव्हाही हीच अडचण येते. या एका कारणासाठी लिनक्सकडे झुकणाऱ्यांची बाजू भक्कम वाटते. मात्र घरात लिनक्स जाणणारा एकही माणूस नसेल, तर बिघाडाच्या दिवशी ती भक्कम बाजू उपयोगी पडत नाही.

घड्याळ

नूतनीकृत संगणकाच्या मुख्य पट्टिकेवर नाण्याएवढी एक बॅटरी असते. पाच-सहा वर्षांच्या संगणकात ती बहुधा संपत आलेली असते. लांबलेल्या वीजखंडानंतर इंटरनेटही नसेल, तर संगणक एखाद्या जुन्याच तारखेला जागा होतो आणि काल रात्रीच्या घटनेवर काही वर्षांपूर्वीची तारीख उमटते. अल्प खर्चाची ही बॅटरी खरेदीच्याच दिवशी बदलावी. कॅमेऱ्यांना स्वतःची घड्याळे असतात आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून सर्व कॅमेऱ्यांनी वेळ या संगणकाकडून घ्यावी आणि संगणकाने ती इंटरनेटवरील विश्वसनीय वेळ-सेवेकडून घ्यावी. भारतीय प्रमाणवेळ राखण्याचे काम नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते आणि तिची अशी सेवा उपलब्ध आहे.

जाळ्याची सुरक्षितता

२०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक आज्ञावलीने जगभरातील कॅमेरे आणि डीव्हीआर त्यांच्या मूळ परवलीच्या शब्दांच्या आधारे ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच ताब्यातील उपकरणांच्या मोठ्या हल्ल्यामुळे अनेक प्रसिद्ध संकेतस्थळे काही तास ठप्प झाली. भारत सरकारने कॅमेऱ्यांसाठी सुरक्षाविषयक आवश्यक निकष निश्चित करून एप्रिल २०२५ पासून ते विक्रीसाठी बंधनकारक केले. परंतु आधीच भिंतीवर बसलेल्या कॅमेऱ्यांचा प्रश्न तसाच राहतो. संगणकाला दोन नेटवर्क जोडण्या असल्यास एकीवर कॅमेरे आणि दुसरीवर घराचे इंटरनेट ठेवावे. मग कॅमेऱ्यांना बाहेरच्या जगाशी थेट संपर्कच राहत नाही. तयार पेटीपेक्षा संगणक निवडण्याचे हे एक सबळ कारण मानता येईल. दुसरी जोडणी नसल्यास कार्डाने वाढविता येते.

चित्रण पुरावा कसे ठरते?

चित्रण पडद्यावर दिसणे आणि ते न्यायालयात ग्राह्य ठरणे यांत अंतर आहे. या संदर्भातील महत्त्वाचा निवाडा महाराष्ट्रातूनच उद्भवला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर निवडून आले. २७ सप्टेंबर २०१४ रोजी त्यांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यावर दाखल झाले, असा आक्षेप प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांनी घेतला आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांच्या चित्रणाचा आधार दिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरविली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते अपील फेटाळताना इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे स्पष्ट केले. मूळ उपकरणच न्यायालयात सादर झाले आणि त्याच्या मालकाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून ते सिद्ध केले, तर प्रमाणपत्राची गरज नाही, असेही न्यायालयाने म्हटले. त्या प्रकरणात वारंवार मागणी करूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नव्हते. अशक्य गोष्टीची सक्ती करता येत नाही, या तत्त्वाचा लाभ गोरंट्याल यांना मिळाला.

घरगुती संगणकाच्या मालकाला असे कोणाकडे अर्ज करावे लागत नाहीत. प्रमाणपत्रावर सही करणारा तोच असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली हे प्रमाणपत्र दोन भागांत द्यावे लागते. पहिला भाग पुरावा सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असतो. उपकरणाची कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक, ते त्या काळात नियमितपणे व योग्य रीतीने चालू होते असे विधान आणि नोंदीचे ‘हॅश’ मूल्य यांचा त्यात समावेश आहे. हॅश म्हणजे संचिकेवरून गणिताने काढलेली अंकाक्षरांची एक मालिका. संचिकेतील एक बिट बदलला तरी मालिका बदलते. संगणकावर हे मूल्य प्रणालीतीलच एका आज्ञेने काढता येते. चित्रण पाहणे सोपे जावे म्हणून त्याचे स्वरूप बदलल्यास मूल्यही बदलते, म्हणून मूळ संचिका जशीच्या तशी वेगळी काढून ठेवावी आणि पाहण्यासाठी तिची प्रत वापरावी.

घटना घडल्याचे लक्षात येताच त्या वेळेचे चित्रण पुसले जाऊ नये, अशी खूण आज्ञावलीत करणे हे पहिले काम होय. पोलिसांचे मागणीपत्र दोन-तीन आठवड्यांनी येऊ शकते आणि तोवर अठ्ठावीस दिवसांची मुदत संपत आलेली असते. दुसरे काम त्या दिवशी करण्याचे नाही. संगणकाचा व डिस्कचा अनुक्रमांक, खरेदीची पावती आणि प्रत्येक कॅमेऱ्याची जागा हा तपशील संगणक कपाटात ठेवण्यापूर्वीच एका वहीत उतरवून ती वही दुसरीकडे ठेवावी. चोराने संगणकच नेला, तर तक्रार नोंदविताना पोलीस ठाण्यात तेच क्रमांक विचारले जातील.